पोस्त, ओवाळणी आणि पंधराशे रुपये

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोन गोष्टी हटकून घडतात. माळ्यावरचे सामान खाली येते आणि 'कुणाला तरी देऊन टाकू' म्हणून जुन्या कपड्यांचे एक गाठोडे बांधले जाते, ही पहिली. दुसरी म्हणजे यंदा पोस्त किती द्यायची, याची चर्चा. पोस्टमन, केर नेणारा, जिना झाडणारी बाई, रात्रीचा गुरखा. गेल्या वर्षी किती दिले, शेजारी किती देतात, महागाई किती वाढली, असा साऱ्या बाजूंनी विचार होऊन एक आकडा ठरतो. आणि तो ठरला की घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस एक वाक्य टाकतेच : "पैसे देण्यापेक्षा एखादी वस्तूच द्यावी. पैसे काय, संध्याकाळपर्यंत उडवून मोकळे होतील!"

मौज अशी की, हेच वडीलधारे माणूस चार दिवसांनी भाऊबिजेला बहिणीच्या ताटात करकरीत नोट घालते. तिथे कोणी म्हणत नाही, "ताई, या पैशांचे काय करणार ते आधी सांग, मग घालतो." ओवाळणीला हिशेब नसतो. लग्नाकार्यात आपण पाकीट देतो, नातवाच्या हातावर खाऊसाठी पैसे ठेवतो, लेक सासरी निघाली की तिची आई दाराआड तिच्या मुठीत काही कोंबते. म्हणजे रोख पैसा देणे आपल्याला वावडे नाही. घेणारा आपल्यातला असला म्हणजे झाले. घेणारा गरीब असला की मात्र आपल्याला एकदम त्याच्या चारित्र्याची काळजी वाटू लागते.

जुन्या कपड्यांची खरी किंमत कोणाला कळत असेल तर ती बोहारणीला. सहा साड्या आणि तीन पँटी घेऊन ती एक स्टीलचा डबा पुढे करते, तोही अर्धा तास घासाघीस करून. त्याच गाठोड्याला आपण 'मदत' म्हणतो.

पुराच्या पाण्यानंतर

आम्ही सांगलीकरांनी या मदतीचे दर्शन २०१९ च्या ऑगस्टात फार जवळून घेतले. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या पुराच्या खुणा ज्यांनी आपापल्या भिंतींवर रेघ मारून जपल्या होत्या, त्यांच्या त्या रेघा पाण्याखाली गेल्या. मग साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक आले. पाठवणाऱ्यांच्या भावनेला नाव ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पहिल्या चार दिवसांत पिण्याचे पाणी, भाकरी आणि औषधे बाहेरून आली नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. परंतु पुढच्या आठवड्यात शाळांच्या पटांगणांवर जुन्या कपड्यांचे जे ढीग साचले, ते पाहून हसावे की रडावे हे कळेना. त्यांत लग्नातले कोट होते, जर सुटलेले शालू होते, एकेका पायाचे बूट होते. बिस्किटांचे पुडे तर इतके आले की, पोरांनी ते खायचेच सोडून दिले. आणि घरात घोटाभर गाळ असलेल्या बाया विचारत होत्या खराट्याचे आणि फिनेलचे!

सरकारने त्या वेळी सानुग्रह अनुदान जाहीर केले. शहरी भागात कुटुंबामागे १५,००० रुपये आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये, आणि त्यांतले ५,००० रुपये लगेच रोख. आमच्या महाविद्यालयाच्या मुलांबरोबर मी तेव्हा घराघरांतला गाळ काढायला जात असे. मराठीच्या प्राध्यापकाचा गाळ काढण्यात फारसा उपयोग नसतो, हे मुलांनी लौकरच ओळखले आणि माझ्याकडे चहा आणण्याचे काम दिले. त्यामुळे बोलायला सवड पुष्कळ. मी जाईन त्या घरी एकच प्रश्न विचारी : पाच हजारांचे काय केलेत?

एका न्हाव्याने आरसा आणि कात्र्यावस्तऱ्यांचा नवा संच घेतला होता आणि फळकुटावर दुकान मांडले होते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने यंत्राची मोटार बदलून घेतली. एका घरी आजोबांचा चष्मा वाहून गेला होता, तो आधी केला, कारण चष्म्यावाचून त्यांना स्वतःच्या गोळ्या ओळखता येत नव्हत्या. एकाने बरेचसे पैसे दारूत घातले, हेही सांगितले पाहिजे. तो पुराआधीही तेच करीत असे. सगळ्यांत नवल वाटले ते एका हमालाच्या घरी. त्यांनी दोन हजार रुपये नेऊन वाण्याची जुनी उधारी भागवली होती. "या वेळी उधारी?" मी विचारले. हमालाची बायको म्हणाली, "अवो सर, त्याचंबी दुकान बुडालंय की. आमी दिलं तर त्यो माल भरंल, आन माल भरला तर आमाला पुन्ना उधार दील."

अर्थशास्त्रावरची मोठमोठी व्याख्याने मी ऐकली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतके कोणी सांगितल्याचे आठवत नाही. वाण्याची उधारी ही गरज कोणत्या ट्रकात घालून पाठवता आली असती? चष्म्याचा नंबर कोणाला पुण्यात बसून कळला असता? वस्तू देणाऱ्याला घेणाऱ्याची गरज आधी ओळखावी लागते. पैसा देणाऱ्याला ती ओळखावी लागत नाही, एवढाच काय तो फरक. पण केवढा!

खोदकामाची मजुरी आणि तहसीलचे अनुदान

गरिबाच्या हाती थेट पैसा देण्याची कल्पना आपल्या राज्याला नवी नाही. आमच्या जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार मांडला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर खडी फोडून जगली. १९७७ साली त्याचा कायदा झाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी जो कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. पगारदार वाचकांनी आपली पगारपत्रिका एकदा नीट पाहावी. 'व्यवसाय कर' म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात. १९७५ सालच्या कायद्याने आलेला हा कर मुळात रोजगार हमीसाठीच बसवला गेला. ती कपात पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आमच्या प्राध्यापकवर्गाला, आपण कुठल्या तलावाची माती उचलण्याचे दाम मोजतो आहोत, याची बहुधा वार्ता नसते.

पण हमी होती ती अंगात खोदण्याचे बळ असणाऱ्यांना. ज्यांच्या अंगात ते नाही, अशा विधवा, अपंग, वृद्ध यांच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. ही योजना कित्येक वर्षे अगदी तुटपुंज्या रकमेवर चालली. महिन्याचे ६०० रुपये २०१९ साली १,००० झाले आणि २०२३ साली १,५००. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली होती ती २१,००० रुपये. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी गाठ पडायची आहे.

मी मराठी शिकवणारा माणूस. मला या योजनांतल्या शब्दांचीच अधिक खोड. 'निराधार' हा शब्द कागदावर लिहायला सोपा आहे, पण चार घरच्या भाकरी थापून दोन लेकरे वाढवणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने तो स्वतःपुढे लिहायचा म्हणजे काय, याचा विचार तो ठरवणाऱ्याने केला असेल काय? अलीकडे 'लाभार्थी' आला आहे. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. त्यात गरज नाही, हक्क नाही, नुसती हाव आहे. असो.

इंदूरजवळची आठ खेडी

पैसे दिले तर उडवतील, हे आपले मत. त्याची परीक्षा कोणी घेतली आहे काय? घेतली आहे, आणि ती बरीच कसून.

मेक्सिको देशात १९९७ साली गरीब कुटुंबांतल्या आयांना रोख रक्कम देण्यास आरंभ झाला. अट अशी की, मुलांनी शाळेत जावे आणि दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. ५०६ खेडी निवडून त्यांतल्या काहींत योजना आधी सुरू केली, काहींत मागाहून, आणि दोन्हींची तुलना केली. मुलांची, विशेषतः मुलींची, वरच्या वर्गांतली हजेरी वाढलेली दिसली. योजनेची नावे बदलत गेली, तरी ती २०१९ पर्यंत टिकली. ब्राझीलने २००३ साली तशीच मोठी योजना काढली. केनियातल्या खेड्यांतून एका संस्थेने कसलीही अट न घालता मोबाइलवरून पैसे पाठवले, तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी आधी काय केले असेल? गवताचे छप्पर काढून पत्रा घातला. गवत वारंवार बदलावे लागते, पत्रा वर्षानुवर्षे टिकतो. हा हिशेब त्या लोकांना कोणी शिकवायला गेले नव्हते.

पण आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते इंदूर जिल्ह्यातले आहे. होळकरांच्या त्या नगरीशी आपला संबंध जुना. तिथल्या आठ खेड्यांत २०११ आणि २०१२ साली 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक माणसाला, तो श्रीमंत असो वा गरीब, महिन्याला २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये. मुलांचे पैसे आईच्या हाती. वर्षभराने ही रक्कम ३०० आणि १५० केली. अट कसलीही नाही. शेजारची बारा गावे तुलनेसाठी घेतली, त्यांना काही दिले नाही. निष्कर्ष असे : मुलांची वजने सुधारली, आणि मुलींची अधिक. शाळेची हजेरी वाढली. कर्ज कमी झाले. लोकांनी शेळ्या घेतल्या, बियाणे घेतले. मजुरीवर जाणारे काही जण स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले. आणि दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही! या प्रयोगावर गाय स्टँडिंग, रेनाना झाबवाला प्रभृतींनी पुढे एक पुस्तकही लिहिले. जगातल्या अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र ठेवून जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली जे पाहिले, तेही हेच. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही.

पैसा आईच्या हाती द्यावा की बापाच्या, हा प्रश्नही जुना आहे. ब्रिटनमध्ये १९४५ साली मुलांसाठी कुटुंबभत्त्याचा कायदा होत असताना मूळ मसुद्यात तो बापाला देण्याचे योजले होते. एलिनॉर रॅथबोन या बाई त्यासाठी वर्षानुवर्षे झगडल्या होत्या. त्यांनी पार्लमेंटात हट्ट धरला आणि पैसा आईकडे वळवला. पुढे १९७७ पासून तिथे बापाच्या करातली सवलत काढून आईला रोख भत्ता देण्याची पद्धत आली. तेव्हाच्या घरखर्चाचे आकडे तपासता असे दिसले की, पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घर तेच, मिळकत जवळजवळ तीच, फक्त पैसा एका खिशातून दुसऱ्या बटव्यात गेला. आपल्याकडच्या कोणत्याही सासूबाईंना हे संशोधनावाचून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

सात हजारांची फुले

गोव्यात २०१२ साली 'गृह आधार' आली. मध्य प्रदेशात २०२३ साली 'लाडली बहना' आणि त्याच वर्षी कर्नाटकात महिन्याला २,००० रुपयांची 'गृहलक्ष्मी'. आमच्या मिरजेकडच्या बायांच्या नणंदा-जावा अथणी-चिकोडीकडे दिलेल्या. त्यामुळे त्या पैशाची बातमी इकडे वर्तमानपत्राआधी येऊन पोचली. मग २०२४ च्या जूनअखेर महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली : २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये. राखी पौर्णिमेच्या आधीच, ऑगस्टच्या मध्यास, दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यांवर जमा होऊ लागले.

आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करणाऱ्या बाई मूळच्या जत तालुक्यातल्या. दुष्काळाला कंटाळून नवरा-बायको सांगलीला आले, आणि आठ वर्षांपूर्वी नवरा आजारपणात गेला. घरी सासू आणि दहावीतली मुलगी. चार घरचे मिळून महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,०००. आता वाचकांच्या ध्यानात येईल. निराधार अनुदानाची मर्यादा २१,००० रुपयांची! उत्पन्न कमी दाखवणारा कागद आणून देणारे एक गृहस्थ त्यांना भेटले होते. त्यांनी दोन हजार मागितले. बाई माझ्या पत्नीला म्हणाल्या, "वैनी, दोन हजार असतं तर अनुदान कशाला मागितलं असतं?" आणि खोट्या कागदावर अंगठा द्यायला त्यांचे मन घेईना, हेही खरे. त्यामुळे आठांतली पहिली सहा-सात वर्षे त्यांना सरकारकडून रोख अशी दिडकी मिळाली नाही.

नवऱ्याच्या इस्पितळाच्या वेळचे कर्ज त्यांनी कसेबसे फेडले होते. उरले होते ते एकच. तीन वर्षांपूर्वी सासूच्या शस्त्रक्रियेसाठी कानांतली फुले गहाण टाकून घेतलेले ७,००० रुपये. व्याज शेकडा तीन, दरमहा. म्हणजे महिन्याचे २१० रुपये नुसत्या व्याजाचे. तीन वर्षांत छत्तीस हप्ते, ७,५६० रुपये. मुद्दलाहून अधिक व्याज भरून झाले, आणि मुद्दल जिथल्या तिथे! यात बाईंचा अडाणीपणा काही नाही. त्यांना हा हिशेब माझ्याहून चांगला येत होता. पण एका वेळी सात हजार हाताशी कधी आलेच नाहीत. गरिबाला महाग पडते ते नेमके हेच.

निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसेही आगाऊ आले. पाच महिन्यांचे मिळून ७,५०० झाले. तोवर बाईंनी त्यांतला एक रुपया काढला नव्हता. दिवाळीच्या आधी त्यांनी मुद्दल ७,००० आणि शेवटचे व्याज २१० असे ७,२१० रुपये भरून फुले सोडवली. उरले २९०. त्यांतून सासूला चोळीचे कापड आणि मुलीला भुईनळे. नंतरच्या महिन्यांतले पैसे कसे जात, तेही मला ठाऊक आहे, कारण फोनवरचा बँकेचा निरोप वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. निम्म्याहून अधिक गॅसच्या सिलिंडरला, उरलेले मुलीच्या शिकवणीला, आणि पन्नास-शंभर भिशीला.

आता दुसरी बाजू. बाईंनी पुढच्या मार्चमध्ये चारांतले एक घर सोडले. लगेच आमच्या जिन्यात चर्चा : "बघा, पंधराशे मिळायला लागले की कामे नकोत!" वस्तुस्थिती अशी की, त्या घरी त्यांना रोज बोलणी खावी लागत. पोळी मोजून घेत आणि सुट्टीचे पैसे कापीत. सहा वर्षे त्यांनी ते सोसले, कारण एक महिनादेखील एक घर कमी करण्याची त्यांची ऐपत नव्हती. पंधराशे आले आणि ती ऐपत आली. महिन्याभरात त्यांना दुसरे घर मिळालेही. याला आळस म्हणायचे असेल तर आपण नोकरी बदलतो तेव्हा आपल्यालाही तोच शब्द लावावा लागेल.

तक्रारी, खऱ्या आणि खोट्या

या योजनेवर आक्षेप पुष्कळ आहेत, आणि सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६,००० कोटी रुपये ठेवावे लागले. एवढा पैसा एका खात्यात गेला की दुसरीकडे ओढाताण होणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको. निवडणुकीच्या तोंडावर घाईने अर्ज भरून घेतले आणि छाननी मागाहून केली. मग सरकारच्याच तपासणीत चौदा हजारांहून अधिक पुरुष 'बहिणी' म्हणून पैसे घेत असल्याचे निघाले! हा विनोद नाट्यछटेत शोभला असता, खजिन्यात शोभत नाही. आणि मत मिळवण्यासाठी दिलेला पैसा मत मिळाल्यावर आटेल काय, ही शंका तर घेणाऱ्या बायांच्याच मनात अधिक असते.

पण सगळ्यांत मोठी शंका मला वेगळीच वाटते. पैसा दिला म्हणजे बाकीचे काही द्यायला नको, असे कोणाच्या मनात येऊ नये. झारखंडात रांचीजवळ नगडी नावाचा एक तालुका आहे. तिथे २०१७ च्या ऑक्टोबरात प्रयोग झाला. एक रुपया किलोने रेशनवर मिळणारा तांदूळ बंद करून त्याचे पैसे लोकांच्या खात्यावर टाकायचे, आणि लोकांनी ते काढून रेशनच्या दुकानातून सुमारे ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. कागदावर दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात बाया बँकेत जात, तिथे पैसे आलेले नसत. आले तर कोणत्या खात्यात, ते कळत नसे. मग पैसे काढायला एक खेप, तांदळाला दुसरी, आणि त्या दिवसांची मजुरी बुडे. लोकांनी मोर्चे काढले आणि २०१८ च्या ऑगस्टात सरकारने तो प्रयोग मागे घेतला. तेव्हा रोख पैसा चांगला, पण रेशनचे दुकान, शाळा आणि दवाखाना चालू असतील तर. पंधराशे रुपयांत इस्पितळ विकत घेता येत नाही. खुद्द आमच्या बाईंचे सात हजारांचे कर्ज शस्त्रक्रियेपायीच झाले होते, हे विसरून चालायचे नाही.

शिवाय पैसा खात्यावर जाणे म्हणजे हातात येणे नव्हे. बाईंचे पहिले खाते एका बँकेत होते. शिल्लक कमी पडली म्हणून तिथे पूर्वी एकदा दंड कापून घेतलेला. ते पाहून त्यांनी दुसरे खाते उघडले, आधार त्याला जोडून घेतले, त्यासाठी तीन अर्धे दिवस मोडले. २०२५ साली पडताळणी आली. आधार क्रमांक स्वतःचा हवा आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा हवा. नवरा नाही, वडीलही नाहीत. अशा बायकांनी काय करायचे, याचा विचार नियम करताना सुचला नव्हता, तो हजारो बाया अडल्यावर सुचला. मग मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत असे ठरले आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईंच्या वडिलांचा दाखला जतच्या बाजूच्या एका खेड्यातून आणायचा होता. त्यासाठी एसटीने दोन खेपा झाल्या. त्या दोन दिवशी आमच्या इमारतीत चारही घरी पाव होता, आणि त्याबद्दल कोणी फार कुरकुर केली नाही, हे आमच्या इमारतीच्या बाजूने नमूद केले पाहिजे. दाखला मिळाला, पडताळणी झाली.

बाईंची तक्रार रकमेची नाही. निवडणुकीत २,१०० रुपयांचे बोलणे झाले होते, त्याची त्यांनी मला कधी आठवणदेखील करून दिली नाही. त्यांचे म्हणणे तारखेविषयी आहे. तेव्हा हप्ता कधी महिन्याच्या आरंभी येई, कधी अखेरीस, कधी दोन महिने मिळून. "सर, तुमचा पगार एक तारखेला येतो न्हवं? आमचं कवा येणार ते ठावं असतं तर सिलिंडर कवा सांगायचा ते कळलं असतं. न्हाईतर मग सावकाराकडंच जावं लागतंय, चार दिसांसाठी." इंदूरजवळच्या त्या आठ गावांत पैसा ठरल्याप्रमाणे महिन्याच्या महिन्याला मिळत असे. शेळी घ्यावी की बियाणे, हे लोकांना ठरवता आले ते त्यामुळे. रक्कम वाढवायला हजारो कोटी लागतील. तारीख ठरवायला काही लागत नाही. पाच तारीख म्हटले की पाच तारीख. आणि दुसरे, ती २१,००० ची मर्यादा. ज्या बाईचे वय ६५ च्या पुढे गेले, तिला लाडकी बहीण संपली. तिने पुन्हा निराधाराच्या रांगेत उभे राहून आपले उत्पन्न महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक नाही असे सिद्ध करायचे. बाईंच्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांचा अर्ज दोनदा परत आला, कारण घरात सून मिळवती आहे.

तिसऱ्यांदा अर्ज मी लिहून दिला आहे. तो दिवाळीनंतर जाईल.